पैलवानाचं फडकं

माजं सारं आयुष्य खाली बगन्यात गेलं. खुरपायचं तरी खाली, खडी फोडायची तरी खाली, हितं सोलापुरात आल्यावर दुसऱ्याच्या घरची भांडी घासायची तरी खालीच. त्यामुळं नातीनं मला पयल्यांदा टीव्हीम्होरं बसवून तिच्या खेळातला डोंगर दावला, तवा माजी मान दुखाय लागली. डोंगर टीव्हीतच व्हता, हातभर बी नसंल. तरी मी वर बगितल्यागत मान मागं टाकून बसलेली. नात हसली. मी न्हाय हसले. त्या डोंगराच्या शेंड्याला ढग अडकला व्हता आन् तो हालत व्हता. खालचं गवत वाऱ्यानं एका अंगाला झोपायचं आन् परत उठायचं. गवत कसं उठतंय ते मला ठावं हाय की. ते तसंच उठत व्हतं. ज्यानं कुनी ते केलं असंल त्यानं गवताकडं लई दिस बगितलं असनार.

आमी शुक्रवार पेठंत ऱ्हातो. ल्योक सात रस्त्याजवळ एका हापिसात कारकून हाय, सून साळंत शिकवती. नात बारावीची परीक्षा दिऊन घरी बसलेली. तिची मैतरीण पल्याडच्या बोळातली, तिच्याच वर्गातली. त्यांच्या घरात तेलगू बोलत्यात, बाप मागावर चादरी इनायचा. आता त्याला सुरतंकडं काम लागलं व्हतं आन् समदं बिऱ्हाड तिकडं हलनार व्हतं. शुक्रवारी सकाळी टेम्पो यायचा ठरलेला.

खेळाचा डबा नातीच्या मामानं दिलेला, त्याचा जुना. टीव्हीला लावायचा आन् बटनांची एकेक मूठ हातात घिऊन दोघींनी खेळायचं. दोघींनी दिवाळीपासून हा एकच खेळ धरला व्हता. दोघी मिळून असतील तरच म्होरं जायचं, एकटीनं शेवट बगायचा न्हाय, असं त्यांनी एकमेकीला वचन दिलं व्हतं. सुरतंला त्या पोरीकडं डबा बी न्हाय आन् टीव्ही बी धड न्हाय. म्हंजी टेम्पो यायच्या आत शेवट गाठायचा, न्हायतर तो कायमचा राह्यला. उन्हाचा कडाका, दुपारी कूलर लावून, खिडकीवर चादर टाकून दोघी खेळत बसायच्या. मी मागं भिताडाला टेकून शेंगा सोलत बसायची.

त्या खेळाची कथा मला त्यांनी सांगितली ती अशी. एका देशात डोंगरावरच्या राक्षसानं मानसांची वळख काढून न्हेलीया. आई लेकराला वळखत न्हाय, नवरा बायकूला वळखत न्हाय, कुनालाच कुनाचं नाव ठावं न्हाय. मंग चार जन निघत्यात वळख परत आनायला. एक तलवारवाली, एक लंगडा वैदू, एक चोरटी, आन् एक धिप्पाड पैलवान. पैलवानाच्या हातात पाटाएवढी ढाल, पाठीला एक गाठोडं. तो बोलत न्हाय. चौघं एकमेकाचे कुनी लागत न्हाईत. वळख तर त्यांची बी गेलेली. तरी ते संगं चालत्यात.

मी इचारलं, "वळखच न्हाय तर एकमेकाला जपत्यात कशापायी?"

नात म्हनली, "तेच तर आहे गं आज्जी त्या खेळात."

मला ते पटलं. मला कुनी समजावून सांगायची गरज नव्हती.

येकदा पोरी चहाला उठल्या, मुठी खाली ठिवल्या. मी एकटीच बगत बसले. तर ती चौघं तितं रानात तशीच थांबली. चोरटीनं डोकं खाजवलं. वैदूनं लंगडा पाय चोळला. पैलवान आभाळाकडं बगत उबा. पोरी येस्तोवर ती वाट बगत व्हती. मी नातीला म्हनलं, लवकर या, मानसं ताटकळली. सून सयपाकघरातनं म्हनली, "आई, त्यांना बी चहा ठिऊ का?" सुनंची थट्टा मला कळती. पन मी खरंच ठिवला असता.

दोघींनी मला बी वाईच शिकवलं. डाव्या बोटानं चालायचं, गोल बटन दाबलं की द्यायचं. डोंगर चढताना जागोजाग मुक्काम हाय. तितं चौघं जाळापाशी बसत्यात. त्यांच्यात फिरायचं, ज्याच्याजवळ जाऊन गोल बटन दाबलं त्याला पिशवीतली चीज मिळती. पिशवीत फळं, मुळ्या, औषधाच्या बाटल्या. ज्याचा जीव कमी झाला त्याला त्या द्यायच्या. पन पोरी देत नव्हत्या. शेवटच्या राक्षसासाठी राखून ठिवायच्या. आन् पैलवानाला तर कवाच काय दिलं नव्हतं. त्याचा जीव लई मोठा, कवा कमीच व्हायचा न्हाय. मैतरीण म्हनायची, त्याला दिलं की वाया जातं.

आता ह्या ठिकानी माजी एक गोष्ट सांगाय लागतीया, त्याबिगर म्होरचं कळायचं न्हाय.

मी केम गावाकडची. दुष्काळात आमी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. नवरा काम हुडकत लांब गेलेला, पदरात एक लेकरू. कामावर दोघी बायांत एक ढीग असायचा. एकीनं मोठा धोंडा फोडायचा, दुसरीनं बारीक करायचा, थकलं की हातोडे बदलायचे. माज्या ढिगाला जी व्हती ती माज्या गावची नव्हती, जातीची नव्हती, आदी कवा बगितलेली बी नव्हती. पन चार म्हैने तिचा हात आन् माजा हात एकाच ढिगावर चालला. माजा अंगठा चेचला तवा तिनं आपल्या लुगड्याची चिंधी फाडून बांदला आन् परत हातोडा घेतला. बोलनं कमीच. तोंडात धूळ जायची.

दुपारी समद्या बाया लिंबाखाली गोल बसायच्या. आमच्यात एक रीत व्हती. आपलं फडकं सोडलं की आदी चतकोर तोडून उजव्या अंगच्या बाईला द्यायचा. तिनं तिच्या उजवीला. कुनाच्या फडक्यात काय बी नसलं तरी तिच्या हातात चतकोर यायचाच. आन् उरलं म्हनून परत बांदायचं न्हाय. फडकं झाडूनच उठायचं. ज्या बाईनं परत गाठ मारली तिच्यासंगं दुसऱ्या दिशी कुनी ढीग धरायचं न्हाय. सरकारनं वाटलेल्या तांबड्या मिलो जवारीची भाकर असायची, घशाला कोंडा टोचायचा. पन रीत म्हंजी रीत.

माजी जोडीदारीन माज्या उजव्या अंगाला बसायची. माजा चतकोर तिलाच जायचा. एक दिस मी बगितलं, तिनं चतकोर मोडला, अर्धा तोंडात घातला आन् अर्धा हळूच लुगड्याच्या वट्यात सारला. दुसऱ्या दिशी बी तेच. पोर न्हाय बाळ न्हाय, मंग ही कुनाला न्हेती? आठ दिस मी गप बसले. नवव्या दिशी समद्यांम्होरं म्हनलं, "माज्या लेकराच्या तोंडातला घास तू घरी न्हेऊन कुनाला घालतीस?"

बाया हसल्या. एक म्हनली, कुनी राखून ठिवला आसंल की गं. ती मान खाली घालून उठली, फडकं झाडलं, आन् दुसऱ्या दिसापून गोलाच्या भाईर जाऊन बसाय लागली. ढीग तेवडा आमचा दोघींचाच राह्यला, कारन दुसरी कुनी मोकळी नव्हती. हातोडे बदलताना आमी बोलायचो न्हाय.

हे तितं ठिवते. आता बुधवारची दुपार.

मैतरीण आपल्या आईला भांडी बांदू लागायला घरी थांबलेली. नात बी तिला हात लावायला गेली. खेळ चालूच ठिवून गेली, म्हनली आज्जी, बघत बस, काय दाबू नको. शेवटच्या मुक्कामाला चौघं जाळापाशी बसली व्हती. दुसऱ्या दिशी वर राक्षस. डोंगरावर बर्फ पडत व्हता, पिंजलेल्या कापसागत. चौघांनी हात जाळावर धरलेले. चोरटी दातानं वठ चावत व्हती. तिच्या तोंडावर भ्या दिसत व्हतं, खरंखुरं भ्या. चितारलेल्या तोंडावर येवडं भ्या कसं उमटवलं असंल, मला अजून नवल वाटतं.

आन् पिशवी भरलेली. गच्च.

मला ते बगवेना. सकाळी मरायला निघनारी चार मानसं उपाशी बसल्यात आन् पिशवीला गाठ मारलेली. मी मूठ उचलली. तलवारवालीपाशी गेले, गोल बटन दाबलं. तिनं फळ घेतलं, मान हालवली. तितनं उजवीकडं वैदू. मंग चोरटी. मंग पैलवान. त्यानं दोन्ही हातात धरून घेतलं, जसं देवळात परसाद घेत्यात तसं. परत पयल्यापून. गोल फिरत ऱ्हायले. किती येळ गेला कळलं न्हाय, शेंगांची परात तशीच पडली व्हती. पिशवी रिकामी झाली तवा मंग मी थांबले. शेवटी त्यांना निजवायचं बटन नातीनं दाखवलेलं, ते दाबलं. लई बरं वाटलं मला. किती तरी वरसांनी कुनाला पोटभर वाढल्यागत.

पोरी आल्या तवा मी मोठ्या मानानं सांगितलं, समद्यांना जेवू घातलं.

नातीनं पिशवी उघडली. मंग मूठ खाली ठिवली. मैतरीण आदी हसली, आन् मंग तिचं हसनं मोडलं, तिनं ओढनी तोंडावर घेतली. मला कळंना काय झालं. नातीनं हळू आवाजात सांगितलं. निजवलं की खेळ तितंच साठवला जातो, मागं जाता येत न्हाय. औषधाबिगर राक्षस मरत न्हाय. परत समदं गोळा करायला म्हैना लागंल.

"आणि परवा टेम्पो आहे, आज्जी," ती म्हनली.

सून सांजच्याला आली, तिला कळलं. ती म्हनली, "आई, राक्षसालाच जेवायला बोलवायचं व्हतं, भांडनच मिटलं असतं." मैतरीण त्यावर जरा हसली. नात न्हाय हसली. मी जेवले न्हाय त्या दिशी. उपासाचं मला काय वाटत न्हाय, पोटाला सवय हाय. पन दोन पोरींचं जे एकच काय ते संगट करायचं राह्यलं व्हतं, ते मी माज्या हातानं वाटून टाकलं व्हतं.

गुरवारी दुपारी मैतरीण आली. घर समदं बांदून झालं व्हतं, आईनं दोन तासाची मोकळीक दिलेली. नात म्हनली, हरायचंच आहे. मैतरीण म्हनली, तर मग हरू की, पन दोघी मिळून. बसल्या.

राक्षस म्हंजी काय सांगू. त्याला तोंडच न्हाय. गिळलेल्या मानसांची तोंडं त्याच्या अंगावर येत जात व्हती, एक आलं की दुसरं बुडायचं. म्हातारी येतीया, लेकरू येतंय, परत बुडतंय. माजे हात आपसूक जोडले गेले. पयल्या डावाला पोरींनी पैलवानाला म्होरं उबा केला, ढाल हाय म्हनून. तो आदी पडला, मंग बाकीचे. दुसऱ्या डावाला तसंच. तासभर गेला. भाईरनं मैतरनीच्या आईची एक हाक येऊन गेली.

तिसऱ्या डावाला मैतरीण म्हनली, "आज्जीच्या पैलवानाला मागं ठेवू या. त्याला तरी शेवटपर्यंत राहू दे."

तसं केलं. वैदू पडला. चोरटी पडली. तलवारवालीचा जीव सुतभर राह्यला. नातीनं सवयीनं पिशवी उघडली, रिकामीच. आन् तितं समदं थांबलं. राक्षस थांबला, बर्फ थांबला. नात म्हनली, डबा अडकला वाटतं.

डबा अडकला नव्हता. पैलवान चालाय लागला. दोघींनी बटनं दाबलेलीच नव्हती. तो मधी आला, ढाल खाली ठिवली, तिच्यावर बसला आन् पाठीचं गाठोडं म्होरं घेतलं. सावकाश गाठ सोडली. फडकं पसरलं. त्यात फळाच्या फोडी, मुळीचे तुकडे, अर्ध्या अर्ध्या बाटल्या. समदं अर्धं. मी बुधवारी जेवडं म्हनून त्याला दिलं व्हतं, त्यातलं अर्धं, एकेक, नीट लावून ठिवलेलं.

खाली अक्षरं उमटली. नातीनं वाचली.

"तुम्ही दिलेलं आहे. अर्धं मी खाल्लं. अर्धं सगळ्यांचं आहे."

तो पयल्यांदा बोलला, आन् तेवडंच बोलला.

पोरींना ठावंच नव्हतं असं काय हाय म्हनून. त्याला कवा कुनी दिलंच नव्हतं, तर कळनार कसं? त्यानं उठून पडलेल्यांच्या तोंडात घास घातला. चोरटी उठली. वैदू उठला. म्होरं पोरींनी काय केलं ते मला धड दिसलं न्हाय, माजं ध्यान त्या फडक्यातच राह्यलं. राक्षस पडला तवा त्याच्या अंगावरची तोंडं एकेक करून पाखरांगत उडाली आन् डोंगराखाली गावाकडं गेली. एका दारात एक बाई उबी व्हती, तिनं म्होरच्या पोरीकडं बगितलं आन् ती वळखून खाली बसली. नुसती बसली. हितं टीव्हीम्होरं दोघी पोरी एकमेकीच्या गळ्यात पडून रडत व्हत्या. परत हाक आली, तवा मैतरीण तोंड धुऊन गेली.

मी भिताडाला टेकून तशीच बसून ऱ्हायले.

खडीच्या कामावर मी तिला ते बोलले, त्याला पाच-सा दिस झाले असतील. मला ताप भरला. पालात मी आन् लेकरू. कामावर न्हाय गेलं तर खायाला न्हाय. दोन दिस लेकराला नुसतं पानी पाजलं. तिसऱ्या दिशी दुपारच्या सुट्टीत ती आली. वट्यातनं एक फडकं काढलं आन् माज्याम्होरं सोडलं. त्यात भाकरीचे तुकडे, उन्हात वाळवून कडक केलेले. माजे चतकोर. अर्धे अर्धे. समदे.

ती म्हनली, "काम बंद पडलं तर असावं म्हनून ठिवत व्हते. दोघींचं हाय."

गरम पान्यात मीठ-मिरची टाकून तिनं ते भिजवले, लेकराला भरवले, मला भरवले, आन् सुट्टी संपायच्या आत माज्या वाट्याची खडी फोडायला गेली. पाच दिस तसं चाललं. मी बरी हून कामावर गेले तवा ती आपल्या मानसांसंगं दुसऱ्या कामावर गेली व्हती. कुटं, ते कुनाला ठावं नव्हतं. मी तिला एक शबूद बोलले न्हाय, ना त्या दिशी ना कवा. तापात व्हते असं मी मनाला सांगत आले. ताप येवडा बी नव्हता.

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली न्हाय, लेकाला न्हाय. लाज वाटायची. आन् हितं, माज्या घरातल्या टीव्हीत, लांबच्या कुटल्यातरी देशातल्या मानसानं ती घालून ठिवली व्हती. त्याला कुनी सांगितली? त्याच्या अंगाला कवा उपास लागला व्हता? नात म्हनती, शेकडो मानसं मिळून असा खेळ करत्यात. असतील. पन त्यातला एक तरी आमच्या लिंबाखाली बसल्यागत मला वाटतंय.

शुक्रवारी सकाळी मी कडक भाकरीची चळत आन् शेंगाची चटनी बांदून मैतरनीच्या हातात दिली. म्हनलं, वाटंत खा. ती वाकून पाया पडली, नातीचा हात धरून टेम्पोपातुर गेली. टेम्पो बोळातनं वळला. नात घरी आली, मुठीची वायर गुंडाळली आन् डबा कपाटावर ठिवला. खेळ संपला व्हता, मैतरीण गेली व्हती. दोन आठवडे तिनं त्या डब्याकडं बगितलं बी न्हाय.

मंग एका दुपारी मीच म्हनलं, "तो डबा काढ की. पयल्यापून लाव."

"कशाला? शेवट बघितलाय की तू."

"शेवट बगितला. पैलवानाकडं न्हाय बगितलं."

तिला कळलं न्हाय. मी सांगितलं, तो अर्धं ठिवत व्हता, म्हंजी अर्ध्या पोटी ढाल धरत व्हता. डोंगर चढताना त्याचं तोंड सुकलेलं दिसत व्हतं का, जाळापाशी बसल्यावर तो दुसऱ्याच्या घासाकडं बगत व्हता का, हे मला बगायचंय. माजं ध्यान सारं पिशवीवर व्हतं. चार म्हैने एका ढिगावर बसून मी तिच्या वट्याकडं बगितलं, तोंडाकडं न्हाय. तिला किती भूक लागत असंल ते मला आजपातुर सांगता यायचं न्हाय.

मंग नातीला मी समदं सांगितलं, खडीचं, चतकोराचं. तिनं उठून कपाटावरनं डबा काढला, मैतरनीची मूठ माज्या हातात दिली आन् माज्या उजव्या अंगाला यिऊन बसली.

डोंगर परत आला. खाली ती चौघं, अजून कुनी कुनाला वळखत नसलेली. मी म्हनलं, थांब, म्होरं जाऊ नको. पैलवानापाशी न्हे मला.